कानाचं माप

मायस्टेगचा दवाखाना. दारात वाकून
एल्विन प्रॉसर आत येतो, कान पुढे करतो.
कान कसला, आल्याचा गड्डा.

यंत्र काही बसेना. मी पुन्हा साचा घेते.
"दुसरी फळी," तो सांगतो,
"स्क्रममध्ये डोकं दोन मांड्यांच्या जात्यात.
वेल्ससाठी एकतीस वेळा दळलो.
टोपी दिली, लाल मखमली.
कानांपर्यंत पुरली नाही."

कार्डिफचं मैदान गर्जायचं म्हणे.
त्याला ऐकू यायचे
फक्त सात जणांचे श्वास.

बटण दाबते.
तो थिजतो.
भिंतीपलीकडे कसलीशी बारीक सळसळ.

"मेअर," तो म्हणतो,
"पेपरमिंटचा कागद सोडतेय.
दर स्क्रमला एक गोळी, सांगायची.
गर्दीत बसून, डोळे मिटून.
मला वाटायचं,
थापा मारते."