पुढच्या चाकाचा तुंबा

पेझारोत समुद्र दोन गल्ल्या सोडून,
तरी एर्मेते गॅरेजच्या खिडकीच्या फटीत
चिंध्यांचे बोळे कोंबतो.
मॅग्नेशियम, म्हणतो, वाऱ्यातलं मीठ लगेच ओळखतं.

तुंब्यावर पांढरी बुरशी, नखानं खरवडली की पीठ.
कीस खाली कागदावर झेललेला,
शेजारी कोरड्या वाळूची बादली.
पेटलाच तर पाणी नाही, आधीच बजावलंय.

मग फोस्काच्या ओव्हनमध्ये तासभर,
छिद्राछिद्रातली ओल निघेपर्यंत.
"आता पियादिना कुठे भाजू?"
तो उत्तर देत नाही. गरम आहे तोवर
रेझिन फिरवतो, पातळ,
तान्ह्याला तेल लावावं तसं.

पोलादी बोल्टखाली ॲल्युमिनियमची चकती, वर ग्रीस.
"एकमेकांना भिडू द्यायचे नाहीत.
भिडले की हाच झिजतो,
त्या पोलादाला काही होत नाही."

फोस्का हात पुसत ऐकते.
बावन्न वर्षं ऐकतेय.
स्वयंपाकघरातला रेझिनचा वास अजून गेलेला नाही.

काल बॉयलरवाला आला होता.
टाकीतली कांडी काढून दाखवली त्यानं :
बसवली तेव्हा अंगठ्याएवढी, आता दाभण.
टाकी मात्र धडधाकट.
कशाची असते ही, तिनं विचारलं.
ऐकून जराशी हसली,
आणि एर्मेतेला अजून सांगितलेलं नाही.