एकविसाव्या मिनिटाला

किल्ल्याचा दरवाजा उघडतो, मी आत पाऊल टाकतो,
आणि पडदा हिरवा होतो.
हिरवे चौकोन, मग काळं.
पंखा मात्र फिरतच राहतो,
घरात कुणी नसताना चालू राहिलेल्या रेडिओसारखा.
फोनच्या स्पीकरवर गोकाकचा मुत्तू ओरडतो, "करेंट होय्ता?"
नाही रे मुत्तू, लाईट आहे.
वडगावात सगळ्या मागांचा खडखडाट चालू आहे,
समोरच्या घरी मिक्सर फिरतोय,
फक्त मी गेलोय.

पहिला आठवडा मी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या.
ड्रायव्हर काढला, जुना घातला, परत नवा.
विंडोज पुसून पुन्हा बसवलं,
त्यात आईचे दोन वर्षांचे ब्लाउजचे नमुने गेले.
ती अजून धड बोलत नाही.
मग रॅमच्या पट्ट्या उपसल्या,
शाळेतल्या खोडरबराने त्यांचे सोनेरी दात घासले,
ही लावून बघितली, ती लावून बघितली,
रात्रभर तपासणी लावली आणि शेजारीच झोपलो.
सकाळी: शून्य चुका.
इतकं वाईट वाटलं ते शून्य बघून.

मग वहीत वेळा लिहू लागलो.
सोमवार, एकवीस मिनिटं. मंगळवार, वीस.
शुक्रवारी थंडी होती, खिडकी उघडी,
चौतीस.

आबा कॉटवरून बघत होते.
एकोणतीस वर्षं उद्यमबागेत, फौंड्रीत,
पंपाची बॉडी हातोडीने वाजवून सांगायचे, पास की भंगार.
चांगलं बीड खण्ण म्हणतं,
तडा असला की बद्द.
या पेटीतलं त्यांना काय कळणार, असं मला वाटायचं.
त्यांनी वही घेतली, चष्मा न लावता लांब धरली.
"तापल्यावर जातंय, का गार असतानाच?"
तापल्यावर.
"आणि निवलं की परत चालतंय?"
होय की.
"मग काय लिहीत बसलैस? तडा हाय.
गार असतंय तवर मिटून बसतंय,
तापलं की तोंड उघडतंय."
आणि टीव्हीकडे वळले.

जिनगोंडाचं दुकान खानापूर रोडला, तळघरात.
दिवस मावळायच्या आत तो डबा खातो,
म्हणून आम्ही थांबलो, मी आणि माझं ग्राफिक्स कार्ड,
भाकरीच्या वासात, सोल्डरच्या वासात.
मग त्याने त्याचं कार्ड माझ्या पेटीत घातलं,
तासभर किल्ला जळत ठेवला. काही झालं नाही.
माझं कार्ड त्याच्या पेटीत:
एकविसावं मिनिट, हिरवे चौकोन.
तो हसला नाही.
भिंगाखाली बोट ठेवून म्हणाला, "इथं, चिपच्या खाली, टाके सुटलेत."
मला दिसलं नाही. दिसल्यासारखी मान हलवली.
बेकरीच्या भट्टीत दहा मिनिटं ठेवलं तर जुळतं म्हणे, मी म्हणालो.
"बेडा," तो म्हणाला, मग मराठीत, "नको.
महिनाभर चालेल, मग तू परत येशील,
आणि त्या भट्टीतला पाव कोण खाणार?"
नव्याची किंमत त्याने पावतीच्या मागे लिहिली.
पुढून कन्नड, मागून एवढा एक आकडा.
मी घडी घातली, मग घडीची घडी.

कार्डाशिवाय चालतं मशीन,
सगळं कमीत कमीवर ठेवलं तर.
किल्ल्याच्या भिंतींना आता दगड नाहीत, नुसता राखाडी रंग.
माणसांना सावल्या नाहीत.
डोंगर मी पोचल्यावर उगवतात.
बाविसावं मिनिट. तेविसावं.
"इद्दिया?" मुत्तू विचारतो.
आहे रे.

मागे आबांनी ते कार्ड उचललं,
अर्ध्या तुटलेल्या बोटाने टिचकी मारली, कानाशी नेलं.
प्लास्टिकसारखं वाजलं.
पास की भंगार, बोलले नाहीत.
खिडकीत ठेवून दिलं, चाव्यांच्या शेजारी.