कोरम

हसूमामांनी शिट्टी टेबलावर ठेवली
आणि म्हणाले, गुडघे संपले.
एवढंच. एकोणीस वर्षांचं भाषण.
मग चहाचे पैसे देऊन निघून गेले
आणि आम्ही सात जण शिट्टीकडे बघत बसलो,
कुणाची तरी कवळी राहून गेल्यासारखे.

सारसोळ्याच्या रेशन दुकानावरची खोली.
कपाटात अकरा ढाली, हजेरीपटावर पाल.
मी सेक्रेटरी. म्हणजे पेन माझ्याकडे.

आधी आला श्रीजित, नेरुळचा, लायसन्सवाला.
लॅपटॉपवर आमचीच पोरं ठिपके होऊन पळत होती.
पिवळा ठिपका म्हणजे मयूर, हे कळल्यावर
त्याचा बाप, जो कमिटीत आहे,
आधी हसला, मग गप्प झाला:
ठिपका निम्मा सामना उभाच होता.

मग दर्शन भोईर, माजी कप्तान.
त्याला मैदान पाठ आहे,
उधाणाच्या दिवसांत खाडीकडच्या कॉर्नरला
चेंडू कसा जड होतो तेसुद्धा.
फक्त कुणाला बाहेर बसवायचं म्हटलं
की त्याचेच डोळे भरतात.

मग हितेश, मामांचा पुतण्या.
तोच टॉवेल खांद्यावर, तीच तिरकी मान,
शब्द अडला की तसंच "चल पुढं".
खोलीतले तिघे तिथंच विरघळले.
मला वाटलं, मामा अजून जिना उतरतायत
आणि आपण त्यांचा फोटो पगारावर ठेवतोय.

शेवटी तेजल गोवारी,
जुईनगरच्या शाळेत पीटी शिकवते.
तिनं एकाही ढालीकडे पाहिलं नाही.
विचारलं, जाळी एकाच गोलला का?
आणि तुर्भ्याहून येणाऱ्या पोरांचं बसभाडं कोण देतं?

मामा देत होते.
ते आम्हाला तेव्हा कळलं.

रात्री फोन केला. मामा, एक नाव सांगा.
पलीकडे तव्यावर कोलंबी पडल्याचा आवाज.
"मना नको इचारू. जुना बुक काढ.
माझा पयला वरीस वाच."

बुकाला कसर लागलेली. वडिलांचं अक्षर,
प्रत्येक र गळासारखा वाकडा.
सामना पहिला, पराभव. दुसरा, पराभव.
चौथ्यात पाच-शून्य,
आणि गोलकीपर रडला याची स्वतंत्र नोंद.
सहा सामने. सहाही.
मग ठराव: श्री. हसुराम तांडेल यांना
जबाबदारीतून मुक्त करण्यात यावे.
सूचक, माझे वडील.
अनुमोदक, हितेशचा बाप, मामांचा सख्खा भाऊ.
आणि खाली, घाईत, वेगळ्या शाईत:
गावात बामा म्हात्रे यांचे घरी हळद असल्याने
कोरम भरला नाही. सभा तहकूब.

पुढच्या पानावर सातवा सामना.
बरोबरी.

मी ते पान पुन्हा वाचलं.
त्या रात्री बेंजो वाजला असेल,
वडील पहाटेपर्यंत नाचले असतील,
आणि सकाळी पिवळ्या हातांनी
कुणाला काढायचं होतं ते आठवत बसले असतील.

काल ठराव झाला. पाच विरुद्ध दोन.
तेजल गोवारी.
मयूरचा बाप म्हणाला,
आणि हरली तर? ओळीनं सहा हरली तर?
कुणी बोललं नाही.
खाली रेशनवाला शटर ओढत होता.

घटनेप्रमाणे महिन्याला एक सभा
व्हायलाच हवी.
सगळे गेल्यावर मी घरून आणलेली
लग्नपत्रिकांची चळत काढली,
गावात यंदा हळदी किती, कोणाकडे, कुठल्या तारखेला,
आणि सभेच्या रकान्यात
एकेक तारीख भरत गेलो.