सहा-सहाचं दार

बर्फाच्या कारखान्यातला लॅपटॉप तापतो
हे मुनाफ मुकादमला हसत सांगता येईना.
बाहेर लाद्या फोडतायत, हर्णैचे ट्रक भरतायत,
आणि आत हिशेब लिहिणाऱ्याची बोटं भाजतायत.
"पंखा मेलाय. नवा टाक. सोमवारच्या आत."

मी आधी खोलत नाही. आधी विचारतो.

मोठा प्रोसेसर झोपतो तेव्हाही
कीबोर्डाखाली एक बारकी चिप जागी असते.
बॅटरी किती उरली, झाकण मिटलं का,
अंग किती तापलं, एवढाच तिचा संसार.
पडद्यावर ती कधी येत नाही.
कर्नलने मात्र डीबगवाल्यांसाठी एक फट ठेवलीय.
रूट होऊन तिथं डोळा लावला
की दिसतात तिच्या पोटातले दोनशे छप्पन्न आकडे,
सोळा ओळी, ओळीत सोळा घरं,
एकाही घरावर पाटी नाही.

सहा-सहाच्या दारावर टकटक करायची.
आधीचं काही आत पडून असेल तर थांबायचं.
मग आठ-शून्य, म्हणजे वाचायचंय. मग पत्ता.
उत्तर येतं सहा-दोनच्या खिडकीतून,
एका वेळी एक बाइट,
सोसायटीत डिझेलचं कुपन मिळतं तसं.

झाकण अर्धं मिटलं, एक आकडा हलला.
चार्जर ओढला, दुसरा.
पाच-आठच्या घरात कुणीतरी चढत होतं
तीन-डी, तीन-ई, तीन-एफ, चार-शून्य,
भरती जेटीच्या पायऱ्या मोजत येते तसं.
चौसष्ट अंश.

लिहिताही येतं तिथं.
मॉड्यूल चढवतानाच तशी मुभा मागावी लागते.
मागितली, आणि हात आखडला.
आंजर्ल्याच्या शेवडे मॅडमचा लॅपटॉप
मी असाच एका चुकीच्या घरात एक आकडा टाकून
कायमचा गप्प केला. चार वर्षं झाली.
बाजारात दिसल्या की अजून
मी पाठ करून कोलंबीचा भाव विचारत बसतो.

म्हणून आठ-एक टाकायच्या आधी पुन्हा वाचलं.
पंख्याच्या हुकुमाचं घर: एफ-एफ.
पंख्याच्या फेऱ्यांचं घर: शून्य.
पुन्हा. एफ-एफ. शून्य.
म्हणजे ती सांगतच होती,
फिर, होता नव्हता तेवढा जोर लावून फिर,
किती दिवस, कुणास ठाऊक,
आणि मी तिलाच शिकवायला निघालेलो.

मग स्क्रू.
पात्यांवर मिठाची पांढरी साय,
आणि तिसऱ्या पात्याच्या बुडाशी एक खवला,
एवढा मोठा म्हणजे रावसाचाच.
नखाने काढला.

चार-शून्य. तीन-ई. तीन-ए.
मी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

मुनाफने पावती मागितली.
"खवला काढला", पुढे दीडशे.
बाकीची रात्र कुठल्या रकान्यात घालायची
ते सुचलं नाही.