हातभर साखळी

घंटा दुरुस्त होऊन आली
आणि चर्चच्या फरशीवर बसून राहिली,
साडेपाचशे किलो, खुडूक कोंबडीसारखी.
जायचं होतं तिला वर बारा मीटर,
आणि लाउथच्या पलीकडच्या या गावात
धडधाकट माणसं मोजून चार,
त्यातल्या दोघांची कंबर धरलेली.

डेझमंड ओकली, घंटा टांगणारा, बापाचाही तोच धंदा,
मनोऱ्यातल्या तुळईला कप्प्यांची पेटी अडकवून खाली आला.
म्हणाला, ओढा. कुणीही ओढा.

मी ओढली.
माझ्या दुकानातल्या तांदळाच्या कट्ट्याइतकं वजन,
पंचवीस किलो, ओळखीचं.
हातभर साखळी खाली आली.
घंटा वर गेली बोटभर.

मी बार्शीच्या अडत्याचा मुलगा.
वडील रुमालाखाली बोटं दाबून तुरीचा भाव ठरवायचे,
त्यामुळे काही स्वस्तात मिळालं की मला आधी संशय येतो.
खिशातल्या पोस्टाच्या पावतीमागे हिशेब मांडला:
तिला मीटरभर चढवायला तीस मीटर साखळी.
म्हणजे सूट कसली, हप्ते पाडून दिलेत.
शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ, असं शाळेत घोकलं होतं.
युक्तीसुद्धा पुरतं माप घेते,
किलोत नाही तर मीटरात,
हे गुरुजी सांगायचे राहिले.

पण साडेपाचशेला तीसने भागलं
तर एकोणीससुद्धा येत नाहीत.
वरचे सहा?
"घर्षण," डेझमंड म्हणाला
आणि हाताचं ग्रीस पँटला पुसलं.
दलाली, मी मनात म्हटलं.
प्रत्येक बाजारात असतोच एक.

मग रांग लागली.
शाळेतली पोरं, दोघं दोघं मिळून, मोठ्याने मोजत.
खाटीक. खाटकाचा जावई.
विनिफ्रेड स्केल्टन, वय ब्याऐंशी,
जिचं दूध-ब्रेड मी घरी पोचवतो
कारण पिशवी तिला पेलत नाही,
तिने काठी बाकाला टेकवली
आणि साखळीवर सगळं अंग टाकलं.
उचलायचं नव्हतंच, लोंबकळायचं होतं.
अकरा हात.
मी म्हटलं, अकरा बोटं झाली, वीतभराला एक कमी.
ती दारापर्यंत गेलेली परत आली
आणि वीत पुरी केली.

चार वाजता सगळे चहाला गेले.
साखळी सोडून दिलेली, झुलतेय,
घंटा अधांतरी, कुणाचाही हात नाही तिला,
आणि खाली मी एकटा, नको तितका नेमका खाली.
"पडणार नाही," डेझमंड दारातून म्हणाला.
"आत चकत्या आहेत. तिचंच वजन त्यांना दाबतं.
जितकी जड, तितकी घट्ट पकड."
कशाची पकड, हे मी विचारलं नाही. कळलं होतं.
सकाळी ज्याला दलाल म्हटलं
तोच वर जामीन राहिला होता,
साडेपाचशे किलोंना,
सहा किलोंत.

बाहेर पोरं बिस्किटांच्या डब्याभोवती.
अजून साडेसात मीटर,
म्हणजे सव्वादोनशे मीटर साखळी.
मी दुकानातून आणखी दोन पुडे आणले
आणि वहीत लिहिले नाहीत.