जप्तीची याद

नेकबख्तखान वारले मार्गशीर्षात, दौऱ्यावर,
पूर्णेकाठी, मौजे खारखेडच्या शिवारात.
बाळापुराहून रात्रीच स्वार सुटले,
रडायला नव्हे, कुलपं घेऊन.
पहाटे तंबूच्या दाराला लाख लागली.
मढं बाहेर, माल आत.

रिवाजच तसा.
सुभेदाराचं जे जे, ते पातशाहाचं.
हत्ती त्यांचा, गालिचा त्यांचा,
खान तेवढा खारखेडच्या काळ्या मातीचा.

दिवाण मोजत गेले, मी लिहीत गेलो:
घोडे बेचाळीस, पैकी लंगडे सहा.
चिलखत एक, पोटाशी तंग झालेलं.
चांदीची चिलमची,
तिच्यात कालचं पाणी,
पाणी वजा.

तीन वर्षं मी त्यांचा मोडीनवीस.
फारसीतला त्यांचा राग
माझ्या बोरूत येईतो निम्मा व्हायचा.
ते म्हणत, गाव जाळीन;
मी लिही, ये बाबे उजूर न करणे.
पाटील वाची आणि म्हणे, बरं.
असा चालला सुभा.

पाणी मात्र बोरूनं गोड होईना.
त्या पट्ट्यात कुठंही खणा, खारंच लागतं.
खानांनी तीन विहिरी खणवल्या.
तिसरीही मिठाचीच निघाली तेव्हा
काठावर बसून बराच वेळ हसले,
आणि संध्याकाळी
मिठावर पट्टी बसवली.

उकंडा पखाली सातपुड्याच्या पायथ्याहून
रेड्यावर गोडं पाणी आणायचा.
पखाल उतरवता उतरवता मला म्हणाला,
"याईच्या मुलखात म्हने बर्फाच्या नद्या हायेत.
मंग हे इथी आले काहून, बाप्पा?"
मी हे फारसीत सांगितलं नाही.
खानांना मराठी कळत होतं, हे मला
फार उशिरा कळलं.

एका रात्री त्यांनी विचारलं,
गुर्बतीला तुमच्यात काय म्हणतात?
मी म्हटलं, परदेश.
ते म्हणाले, जागा नाही विचारली, दुखणं विचारलं.
मग मी म्हटलं: करमत नाही.
कुणाला?
मला.
काय?
काही नाही, नुसतंच, करमत नाही.
त्यांनी तो शब्द खडीसाखरेसारखा
या गालातून त्या गालात फिरवला.
"कर्मत नै."
पुढं तापात तेच बरळत राहिले.
दिल्लीचा हकीम मला विचारी,
हे गाव कोणत्या परगण्यात?

यादेच्या शेवटी निघाली उशाखालची थैली.
मशरूची, तोंड तीनदा शिवलेलं.
दिवाणांचे डोळे चमकले, मोती असावेत.
उसवली. बिया.
बल्खच्या खरबुजाच्या, मी सांगितलं.
दिवाणांनी एक फोडली, चावली, थुंकली.
"लिहू नकोस."

आयुष्यात पहिल्यांदा
मला न लिहिण्याचा हुकूम झाला,
आणि मी तो मनापासून पाळला.

थैली उकंड्यानं नेली.
तुळसा भोयीणीनं पौषात पूर्णेच्या रेतीत
आळी करून बिया लावल्या.
निम्म्या कुजल्या. काही वेल उंदरांनी नेले.
उरले त्यांना चैत्रात फळं धरली,
जाळीदार, पिवळी, वासानं
होडीतली माणसं माना वळवत.

नवे सुभेदार आले तेव्हा
पाटलानं चार फळं नजर केली.
तंबू तोच होता, लाख खरवडलेला.
त्यांनी सुरी चालवली, फोड तोंडात घातली.
मी बोरू खाली ठेवून बघत होतो.
उकंडा दारात, रेड्याची दोरी हाताला गुंडाळून.

"फिकं आहे," ते म्हणाले,
आणि मीठ मागवलं.

मीठ तिसऱ्या विहिरीचं होतं.