उलटे दहा

कुंभारगल्लीतून टोपलीभर माती मागून आणली.
खानापुरात मातीला कोण नाही म्हणत नाही.

अंगणवाडीच्या फरशीवर पाकीट उपडं केलं :
एक, दोन, पाच,
आणि दहाचं ते दोन रंगांचं,
जे स्टँडवरचा पानवाला अजून घेत नाही.

"मोठं कुठलं?"
भैरूनं जुनं दोनचं उचललं, रुंद, चपटं.
पाच त्याच्यापेक्षा लहान. नुसतं जाड.
"मग ह्ये पाच कसं, बाई?"
मला पटकन सांगता आलं नाही.
म्हटलं, दाबा मातीत.

नीलव्वा अंगठ्यानं दाबायलीय,
जीभ एका कोपऱ्यातून बाहेर.
ठसा उलटा उमटला. दहाचे झाले शून्य-एक.
"ओंदु," ती म्हणाली.
"एक," भैरू म्हणाला.
दोघांचं पहिल्यांदाच जुळलं
आणि दोघंही चुकले.

कल्लाप्पानं मडक्यांमधल्या फटींत ठेवून
ठसे भाजून दिले.
सोमवारी बघते तर सगळं आकसलेलं,
दहाचं जवळजवळ पाचाएवढं.
भैरू रडकुंडीला : "आटलं की हो! आता किती झालं?"

नीलव्वानं ते हातात घेतलं,
करंगळीनं शून्याचा खळगा चाचपला,
मग एकाची चीर.
उंबऱ्यात माती वाळलेली, बाहेर कोण तरी सायकल लावायलंय,
तिचं लक्ष नाही.
"हत्तु," म्हणाली.
आणि माझ्याकडे बघून, माझ्यापुरतं, "दहा."

पानवाल्याकडे हिलाच पाठवावं म्हणते.